रत्तलाला तेवीस पेन्स: न्यूटनच्या काळातल्या नाण्यांचं तांबं

तांब्याचा तुकडा लालबुंद होईपर्यंत तापवायचा, ऐरणीवर ठेवायचा आणि हातोड्याने ठोकत पातळ करत न्यायचा. कडा न चिरता पसरला, तर माल घ्यायचा. चिरला, तर परत पाठवायचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या टांकसाळीत नाण्यांच्या तांब्याची परीक्षा एवढीच होती, आणि ती मान्य करणारा टांकसाळीचा मास्टर, म्हणजे प्रमुख, होता आयझॅक न्यूटन. चांदीच्या नाण्याचा कस हजारात एखाद्या भागापर्यंत मोजणारी हीच टांकसाळ. तांब्याला मात्र हातोडा.

वरवर हा ढिसाळपणा वाटतो, पण त्यात हिशेब आहे. चांदीच्या शिलिंगची किंमत म्हणजे जवळजवळ त्यातल्या चांदीचीच किंमत. तिथे घडणावळ फार थोडी, त्यामुळे कस आणि वजन सांभाळलं की काम झालं. तांब्याच्या फार्दिंगचं गणित उलटं. धातू स्वस्त आणि मजुरी मात्र चांदीच्या नाण्याइतकीच. ओतायचं, लाटायचं, कापायचं, तावायचं, धुवायचं, ठोकायचं, हे सगळं एका पेनीच्या चौथाईसाठी. म्हणून करारात एकच आकडा महत्त्वाचा असे: एका रत्तल तांब्यातून किती पेन्सची नाणी पाडायची. धातू, वाहतूक, मजुरी, घट आणि ठेकेदाराचा नफा, सगळं त्या आकड्याच्या पोटात. (रत्तल म्हणजे इथे ४५३.६ ग्रॅमचा, ७००० ग्रेनचा. आपल्याकडे हा शब्द आहेच, म्हणून पौंड हा शब्द पैशापुरताच ठेवतो.)

हा आकडा कसा बदलत गेला त्यावरून सगळी कहाणी कळते. १६१३ साली पहिल्या जेम्स राजाने लॉर्ड हॅरिंग्टनला तांब्याचे फार्दिंग पाडायची सनद दिली. त्यातले सुरुवातीचे तुकडे साधारण ६ ग्रेनचे, म्हणजे ०.३९ ग्रॅमचे. करा भागाकार: एका रत्तलातून ११६६ फार्दिंग, म्हणजे २९१ पेन्स. तांब्याच्या बाजारभावाशी या आकड्याचा काही संबंध नाही, ही उघड उघड राजाची कमाई होती. त्या पहिल्या लहान फार्दिंगांवर कथलाचा मुलामा असे. सरळ सांगायचं तर कल्हई. ते पट्टीवरच छापले जात, फिरत्या ठशांमधून लांब पट्टी सरकवून, आणि मग एकेक कापून काढत. न कापलेल्या पट्ट्या आजही शिल्लक आहेत. इतका पातळ पत्रा आणि इतका मोठा नफा, तेव्हा खोटे फार्दिंग निघणारच. १६३६ पासूनच्या गुलाबछाप फार्दिंगांमध्ये नक्कल अडवायला मधे पितळेचा छोटा तुकडा बसवला. १६४४ मध्ये हा सगळा प्रकार थांबला, आणि पुढे दुकानदारांनी आपापली टोकन काढली.

१६७२ साली दुसऱ्या चार्ल्सने पहिल्यांदा लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या टांकसाळीत खरीखुरी वजनदार तांब्याची अर्धपेनी आणि फार्दिंग काढली. दर रत्तलाला २० पेन्स. म्हणजे ४० अर्धपेन्या, प्रत्येकी १७५ ग्रेन, सव्वाअकरा ग्रॅमच्या थोडी वर. २९१ वरून एकदम २०. आता तांब्याचा दर्जा, भाव आणि वाया जाणारा माल, सगळ्याला महत्त्व आलं. आणि इंग्लंडकडे तेव्हा चांगलं तांबं नव्हतं.

नव्हतं म्हणजे खाणीत होतं, भट्टीत नव्हतं. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात उत्तर इंग्लंडमधल्या केझिकला जर्मन कारागीर आणून तांबं गाळायचा मोठा प्रयत्न झाला होता. डॅनियल हॉखस्टेटर हा ऑग्सबर्गचा माणूस त्याचा म्होरक्या. १५६८ मध्ये त्यासाठी माइन्स रॉयल नावाच्या कंपनीला सनदही मिळाली. पण त्याच वर्षी न्यायालयाने ठरवलं की ज्या खनिजात सोनं-चांदी आहे ती खाण राजाची. तांब्याच्या खनिजात थोडीफार चांदी असायचीच, म्हणजे आपल्या जमिनीत तांबं सापडलं की जमीनदाराला धास्ती. कोण खणणार? १६८९ आणि १६९३ च्या कायद्यांनी ही अडचण दूर होईपर्यंत इंग्लंडच्या तांब्याला खरा जोर आला नाही. त्यामुळे १६७२ च्या नाण्यांसाठी तांबं आलं स्वीडनहून. सतराव्या शतकात युरोपच्या तांब्याचा मोठा हिस्सा फालूनची एक खाण पुरवत होती. लंडनला नुसत्या पाट्या आल्या नाहीत. कापून गोल केलेल्या कोऱ्या चकत्याच आल्या. टॉवरमध्ये उरलं ते फक्त ठसा मारणं.

मला तरी हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. कारण या धंद्यातला अवघड भाग चकती तयार होईपर्यंतचा आहे, ठसा मारणं त्यामानाने सोपं. पण राजकारण आडवं आलं. १६८४ ते १६९२ या काळात नैऋत्य इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल-डेव्हनच्या कथलाला गिऱ्हाईक मिळावं म्हणून नाणी चक्क कथलाची काढली, मधे तांब्याचा एक चौकोनी तुकडा ठोकून. कथील मऊ, ठसा झिजतो आणि हवापाण्याने नाणं काळं पडून खवल्यांनी सुटतं. आज ती नाणी चांगल्या स्थितीत क्वचितच दिसतात.

१६९४ मध्ये तांबं परत आलं, या वेळी खासगी ठेकेदारांकडे. रत्तलाला २१ पेन्स, एकूण ७०० टन. हिशेब केला तर दर्शनी किंमत १,३७,२०० पौंड होते. ठेकेदाराला जितका स्वस्त माल, जितकी कमी मेहनत, तितका फायदा. मग चकत्या पत्र्यातून कापण्याऐवजी साच्यात ओतून काढायचा सोपा मार्ग सापडला.

ओतीव चकतीत नेमकं काय बिघडतं हे तांब्याशी रोज काम करणाऱ्याला सांगायला नको. वितळलेलं तांबं हवेतून ऑक्सिजन ओढतं आणि थंड होताना वायू बाहेर टाकतं. छोट्या साच्यात ते झपाट्याने गोठतं, वायू आत अडकतो, आणि चकती पोकळ बुडबुड्यांनी भरते. वजनाला नाणं बरोबर, पण ठसा मारला की त्या पोकळ्या दबतात आणि राजाच्या नाकाच्या जागी खड्डा उरतो. लाटलेल्या पत्र्यात या पोकळ्या चेपल्या जातात, दाणा बारीक होतो आणि धातू एकजीव होतो. ओतीव चकतीत जाड दाणाच राहतो. तिसऱ्या विल्यमची तांब्याची नाणी हातात घेऊन पाहिली तर बरीचशी पुसट आणि खडबडीत दिसतात, ती सगळी वापराने झिजलेली नसतात. बाजारात नाण्यांचा इतका ढीग झाला की १६९८ मध्ये पार्लमेंटला वर्षभर नाणी पाडणं थांबवावं लागलं.

पुढे १७१७ मध्ये न्यूटनच्या हाताखाली काम पुन्हा सुरू झालं तेव्हा रत्तलाला २३ पेन्स ठरले आणि चकत्या लाटलेल्या पट्टीतून कापायच्या असं ठरलं. पहिली दोन वर्षं नाणी व्यासाला लहान आणि जाड निघाली. इंग्रज संग्राहक त्यांना ‘डंप’ म्हणतात. मराठीत यासाठी ढब्बू याहून चांगला शब्द नाही.

एव्हाना तांबं देशी झालं होतं. खनिज कॉर्नवॉलचं, पण गाळणं तिथे फारसं होत नसे, कारण तिथे कोळसा नाही आणि तांब्याला खनिजापेक्षा कोळसा जास्त लागतो. म्हणून खनिजच जहाजाने कोळशाकडे न्यायचं: ब्रिस्टलच्या परिसरात, वाय नदीकाठच्या रेडब्रुकला, आणि पुढे स्वानसीकडे. १६८० च्या दशकात तिथे परावर्तनी भट्टी बसली. तिच्यात कोळसा एका खणात जळतो, मधे विटांचा बंधारा, आणि ज्वाळा बंधाऱ्यावरून जाऊन उतरत्या छताला आपटून धातूवर येते. कोळसा आणि धातू एकमेकांना शिवत नाहीत. दगडी कोळशातलं गंधक तांब्यात शिरू नये यासाठी ही सगळी खटपट.

खनिजातलं गंधक आणि लोखंड काढायला भाजणं आणि वितळवणं आलटून पालटून अनेकदा करावं लागतं. भाजलं की गंधक धुराने जातं. वितळवलं की लोखंड मळीत जातं. शेवटी फोड आलेलं कच्चं तांबं मिळतं. नाण्याच्या दृष्टीने खरं काम इथून पुढे.

शुद्धीकरणाच्या भट्टीत हे तांबं वितळवून आधी त्यावर मुद्दाम हवा खेळू देतात. उरलेलं गंधक, लोखंड, शिशाचा काही भाग जळून मळीत येतो. ती मळी ओढून काढायची. पण त्यासोबत तांब्यालाही ऑक्सिजन मुरतो आणि तांब्याचा ऑक्साईड धातूत विरघळतो. असं तांबं इंग्रजी भट्टीवाल्यांच्या भाषेत ‘कोरडं’. गोठल्यावर पृष्ठभाग मधे खचतो, तोडलं तर तुटीचा रंग विटेसारखा मंद लाल, आणि ठोकलं तर कडा फुटतात. उपाय असा: वर लोणारी कोळशाचा थर पसरायचा आणि ओल्या लाकडाचा ओंडका धातूत बुडवून धरायचा. ओल्या लाकडातून वाफ आणि वायू उसळतात, धातू खदखदतो आणि ऑक्सिजन निघून जातो.

हे किती वेळ करायचं, यात कारागिराची कसोटी. दर काही मिनिटांनी छोट्या पळीत नमुना घ्यायचा, गोठू द्यायचा, अर्धवट कापून शिकंज्यात वाकवायचा आणि तूट बघायची. रेशमासारखी तंतुमय, सॅमन माशाच्या रंगाची गुलाबी तूट दिसली आणि नमुन्याचा माथा सपाट गोठला की थांबायचं. ओंडका जास्त वेळ धरला तर उलटा दोष: धातू हायड्रोजन पितो आणि गोठताना माथा फुगून वर येतो, आत भोकं. मग वरचा कोळसा बाजूला सारून थोडा वेळ हवा लागू द्यायची. योग्य अवस्थेतल्या तांब्यात ऑक्सिजन पूर्ण शून्य नसतो, किंचित उरलेला चांगला. तो शिसं-बिस्मथसारख्या घाणीला ऑक्साईड बनवून बंदिस्त ठेवतो, आणि गोठताना होणारं आकुंचन बारीक वायूच्या छिद्रांनी भरून निघतं म्हणून पाटी सपाट बसते.

आता ऐरणीवरच्या त्या परीक्षेकडे परत येऊ. ती काय पकडते? बिस्मथ, शिसं, अँटिमनी, गंधक आणि जास्तीचा ऑक्सिजन. बिस्मथ तर शंभरात एखाद्या शतांशाएवढा असला तरी दाण्यांच्या सांध्यांत पातळ पापुद्रा होऊन बसतो आणि तांबं लालबुंद असताना भाकरीसारखं चिरतं. शिशाचंही तसंच, कारण तांबं लाल होण्याच्या कितीतरी आधी ते वितळलेलं असतं. भंगारातली झाळलेली भांडी वितळवून तांबं म्हणून खपवायचा मोह नेहमीचा. झाळातून शिसं आणि कथील येतं, आणि हातोडा ते लगेच उघड करतो. रसायनशास्त्र अजून बाल्यावस्थेत असताना दोन मिनिटांत, कुठल्याही लोहाराकडून करून घेता येईल अशी परीक्षा निवडणं हा न्यूटनचा व्यवहारीपणा.

जे ती पकडत नाही ते आर्सेनिक. कॉर्नवॉलच्या खनिजात ते भरपूर. आर्सेनिकचं तांबं तापवून ठोकलं तर छान पसरतं, चिरत नाही. पण गार असताना ते अधिक कडक असतं आणि मऊ व्हायला जास्त ताव मागतं. परीक्षेत पास झालेला माल ठशाखाली मात्र हट्टी. नाणं मधेच पुसट उठतं आणि ठसे लवकर तडकतात.

शुद्ध तांब्याच्या पाट्या ओतल्या की लाटणं. आधी तापवून, मग गार. प्रत्येक फेरीत रोलर थोडे जवळ आणायचे. गार लाटताना तांबं दर खेपेला कडक होतं, आणि न तावता रेटत राहिलं तर पट्टीच्या कडा करवतीसारख्या चिरतात. मग पुन्हा मंद लाल ताव. आपल्या तांबटांना हे वेगळं सांगायला नको: हंडा ठोकताना मधेमधे भट्टीत घालतात तो याच कारणासाठी. आणि तावल्यावर पाण्यात बुडवलं तर पोलादासारखं तांबं कडक होत नाही, मऊच राहतं, शिवाय वरची काळी खपली गारठ्याने तडकून सुटते.

रोलिंगमध्ये सगळ्यात महाग चूक जाडीची. २८ मिलिमीटर व्यासाची चकती रत्तलाला ४६ या हिशेबाने ९.८६ ग्रॅमची हवी, म्हणजे जाडी १.७९ मिलिमीटर. पट्टी १.८९ झाली, अवघ्या एक दशांश मिलिमीटरने जाड, तर चकती १०.४१ ग्रॅमची होते आणि रत्तलातून ४६ ऐवजी ४४ सुद्धा पुरत्या निघत नाहीत. रत्तलामागे एका पेनीहून जास्त तोटा, सगळा मिळून दर २३ पेन्सचा असताना. पातळ झाली तर नाणी हलकी आणि ठेकेदारावर आळ. रोलर दाबाखाली मधे किंचित वाकतात, त्यामुळे पट्टी मधे जाड आणि कडेला पातळ निघते. रुंद पट्टीत दोन ओळी कापल्या तर हा फरक नाण्यात उतरतो.

चांदीच्या बाबतीत जड चकती कानशीने घासून वजनात आणत. अर्धपेनीसाठी ते परवडणारं नव्हतं. म्हणून एकेक नाणं न तोलता रत्तलात किती बसतात ते मोजायचं. आयर्लंडसाठी विल्यम वुडने पाडलेल्या नाण्यांची १७२४ मध्ये न्यूटन आणि इतर दोघांनी तपासणी केली, तेव्हा अहवालाचा सूर हाच होता: एकात एक धरून वजन पुरेपूर, सुटी नाणी मात्र हवी तितकी सारखी नाहीत, आणि तांबं लाल तापवून हातोड्याखाली न चिरता पसरलं. वुडवर आयर्लंडभर जी टीका झाली ती धातूच्या दर्जापेक्षा रत्तलाला ३० पेन्स या दरामुळे आणि सनद कशी मिळाली त्यामुळे समजून घ्यावी लागते.

पट्टीतून चकती कापायचं यंत्र म्हणजे हाताने फिरवायचा स्क्रू, खाली पोलादी कडं आणि वर त्यात नेमका बसणारा पंच. पंच आणि कड्यात फट वाढली की चकतीला कंगोरा येतो, आणि तो ठशाखाली दुमडून नाण्याच्या कडेला पापुद्रा होतो. नाण्याभोवती धातू अडवणारं कडं त्या काळच्या तांब्याच्या नाण्यांना नव्हतं, म्हणून धातू ठोक्याने बाहेर पसरतो. चकती नाण्यापेक्षा थोडी लहानच कापायची.

आणि कातरण. गोल चकत्या पट्टीतून कापल्या की उरतं त्याचा हिशेब करून पाहा. २८ मिलिमीटरच्या चकत्या ३२ मिलिमीटर रुंद पट्टीत, दोन चकत्यांत २ मिलिमीटर अंतर ठेवून, तर पट्टीचा ६४ टक्के भाग नाणं होतो आणि ३६ टक्के जाळी उरते. दोन ओळी एकीच्या खाचेत दुसरी अशा बसवल्या तर ७१ टक्क्यांपर्यंत जाता येतं, पण मग वर सांगितलेली जाडीची भानगड. म्हणजे एक टन नाण्यांसाठी दीड टनाहून जास्त पट्टी लाटावी लागते, आणि अर्धा टन तांबं पुन्हा भट्टीत जातं. पुन्हा वितळणं म्हणजे पुन्हा ऑक्सिजन, पुन्हा ओंडका, पुन्हा लाटणावळ. चांदीत कातरण परत वितळवणं खर्चाच्या मानाने किरकोळ असतं. तांब्यात नफा तिथेच जिरतो. स्वीडनहून कापलेल्या चकत्या आणण्यात ही गोष्ट होती: कातरण स्वीडनमध्येच राहतं, तिथल्याच भट्टीत जातं, आणि त्याचं जहाजभाडं लंडनने भरायचं नाही.

ठशाआधी शेवटचा ताव. चकत्यांवर काळी खपली येते, तिच्याखाली लाल. ती आंबट पाण्यात उतरवावी लागते. चिंच-मिठाने तांब्याची घागर उजळतो तसंच, फक्त मोठ्या प्रमाणावर. मग धुऊन लाकडाच्या भुशात घोळवून कोरड्या करायच्या. ओल राहिली तर ठशाखाली पाणी अडकून नाण्यावर डाग उठतात. खपली राहिली तर ती धातूत रुतते आणि कानसेसारखी ठसा घासते. खाचा असलेलं, मलूल दिसणारं न वापरलेलं नाणं बहुधा इथे कमी धुतलेलं असतं.

मोठ्या स्क्रू-प्रेसवर काही माणसं दांडा ओढत आणि एकजण खाली बसून चकती सरकवत असे. बोटं जपून. या भागाबद्दल लोक खूप लिहितात, पण चकती नीट असेल तर इथे फारसं काही बिघडत नाही.

पुढचा मोठा बदल १७९७ चा, मॅथ्यू बोल्टनचा. बर्मिंगहॅमजवळच्या त्याच्या सोहोच्या कारखान्यात वाफेवरचे प्रेस, नाण्याला घट्ट धरणारं कडं, आणि रत्तलाला फक्त १६ पेन्स. पेनी नेमकी एक औंसाची, दोन पेनीचं नाणं दोन औंसाचं. लोकांनी त्याला गाडीचं चाक म्हटलं. पण तांब्याचा भाव चढला आणि १७९९ मध्ये दर १८ वर, १८०६ मध्ये २४ वर न्यावा लागला. कडं आल्यावर मात्र चकतीचा व्यास आणि जाडी याबद्दल कुचराई चालेना, कारण जादा धातूला पसरायला जागाच नाही. जड चकती ठसा फोडते.

त्याआधीच, १७९१ आणि १७९४ ही सालं असलेली मुंबई इलाख्यासाठीची तांब्याची नाणी सोहोतच पडली होती. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं गाठोड्याचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये अरबी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. कारखान्यातून ती तयार नाणी म्हणूनच निघाली, जहाजात भरली गेली आणि मुंबई बंदरात उतरली. कातरण बर्मिंगहॅमलाच राहिलं.